आधी अर्थिंग, मग टेप

जुन्या गाडीतला विजेचा दोष जिथे दिसतो तिथे बहुधा नसतो. हॉर्न दाबला की हेडलाइट मंदावतात. ब्रेकवर पाय ठेवला की मागचा इंडिकेटर अर्धवट पेटतो. वायपर फिरायला लागला की टेप बंद पडतो. आपल्याला वाटतं हॉर्न गेला, बल्ब गेला, टेप गेला. एकेक वस्तू बदलली जाते, शेवटी नवी बॅटरीही येते, आणि पहिल्या पावसात दुखणं पुन्हा उभं राहतं. पैसे तर जातातच, शिवाय गाडीवर ‘वायरिंगचा प्रॉब्लेम आहे’ असा शिक्का बसतो. असा शिक्का बसलेली गाडी घरच्यांच्या मनातून उतरते, लांबच्या प्रवासाला तिला कुणी काढत नाही आणि एक दिवस ती भंगारवाल्याकडे जाते. चांगल्या इंजिनाच्या, न गंजलेल्या गाड्या दोन-चार सैल नटांपायी अशा जाव्यात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर, कोरेगाव, औंध, वडूज या पट्ट्यात जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर मारुती ८०० येते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे सगळ्यात धाकटी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. त्याआधीची पिढी फियाटची. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, आणि तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, पण घराच्या शेडमध्ये हौसेने जपलेली एखादी पद्मिनी अजून सापडते.

या गाड्यांत वायरी फार थोड्या, आणि हीच त्यांची मोठी सोय. कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. बॅटरी, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर, कॉइल, दिवे, हॉर्न, वायपर आणि त्यांना जोडणारी फ्यूजची पेटी, एवढाच संसार. शंभर-दोनशे पानांचं मॅन्युअल न वाचताही तो समजून घेता येतो. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर आणि थोडा धीर पुरतो.

घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, गाडीतल्या दिव्याला बहुतेक वेळा एकच दिसते. दुसरी वायर म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक जाड केबलने बॉडीला आणि इंजिनाला जोडलेलं असतं, आणि प्रत्येक दिव्यातून, मोटरमधून निघालेला करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. तांब्याची बचत व्हावी म्हणून ही पद्धत आली आणि नव्या गाडीत ती उत्तम चालते. पण पत्रा रंगवलेला असतो, गंजतो, पावसाळ्यात त्यावर चिखल चढतो. जिथे वायरीचं टोक स्क्रूने पत्र्याला आवळलेलं असतं, त्या ठिकाणी पंचवीस वर्षांत गंजाचा पातळ पापुद्रा तयार होतो. त्याचा विरोध अगदी थोडा, एखाद्या ओहमचा दहावा भाग असला, तरी त्यातून दहा अँपिअर वाहताना एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि दहा वॅट उष्णता त्या जोडावर निर्माण होते. जोड तापतो, तापल्याने आणखी गंजतो. आणि परतीची वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेक लाइटचा करंट शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जाऊन अर्थ गाठतो, म्हणून ब्रेक मारल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. तिथे बल्ब बदलून काहीच होणार नाही. मागच्या दिव्याचा अर्थचा स्क्रू काढायचा, खालचा पत्रा चकचकीत घासायचा, टोक घट्ट आवळायचं आणि वर थोडी पेट्रोलियम जेली लावायची.

याचं सगळ्यात धोक्याचं रूप इंजिनाच्या अर्थपट्टीत दिसतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत विणलेल्या तांब्याची जाड पट्टी दिलेली असते. ही पट्टी तेलाने, चिखलाने कुजते, कधी इंजिन उतरवल्यावर परत लावायची राहून जाते. तरीही गाडी सुरू होते! कारण स्टार्टरचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट मग चोक केबलमधून, ॲक्सिलरेटर केबलमधून किंवा क्लचच्या तारेतून परत येतो. त्या तारा यासाठी केलेल्याच नाहीत. सेल्फ मारताना चोकची तार गरम लागली, तिच्यावरच्या प्लॅस्टिकचा वास आला, तर लगेच थांबावं आणि इंजिनाची अर्थपट्टी पाहावी.

आता मोजणं. बॅटरीवर मीटर लावून ‘साडेबारा व्होल्ट आहेत, बॅटरी ठीक’ असं म्हणणं पुरेसं नाही. उपसा जलसिंचनाची पाइपलाइन ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल: व्हॉल्व्ह बंद असताना शेवटच्या टोकालाही दाब पूर्ण दिसतो, पाइपमध्ये गाळ अडकला आहे हे व्हॉल्व्ह उघडून पाणी धावायला लागल्यावरच समजतं. विजेचंही तसंच, करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

तरीही पहिली नोंद बंद गाडीचीच घ्यावी. बारा व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळाले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या आसपास आकडा असेल तर ती निम्मी उतरली आहे, आणि ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं आणि त्या वेळी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर आकडा पाहायचा. तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. आकडा साडेदहाच्या वर टिकूनही स्टार्टर रडत रडत फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. केबल, जोड किंवा स्टार्टरचे कार्बन यांच्याकडे वळावं.

यापुढची चाचणी फार थोडे जण करतात, आणि माझ्या मते जुन्या गाडीसाठी तीच सगळ्यात मोलाची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवायचं. खुंटीवरच, तिच्यावर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवायचं आणि सेल्फ मारायचा. परतीची वाट चांगली असेल तर आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढी ताकद वाटेतच मरते आहे. मग टोक जवळ जवळ आणत जायचं: इंजिनाऐवजी पट्टीच्या नटावर, नंतर बॉडीवरच्या नटावर, शेवटी क्लॅम्पवर. जिथे आकडा एकदम पडतो, त्याच्या आधीचा जोड खराब. हीच रीत हेडलाइटला, हॉर्नला, वायपरच्या मोटरला लावता येते, फक्त त्या त्या वेळी ती वस्तू चालू असली पाहिजे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्हपर्यंतची जाण्याची वाटही अशीच मोजता येते. या अर्ध्या तासाच्या कामाला पैसे लागत नाहीत, आणि नव्या बॅटरीचा खर्च अनेकदा याच अर्ध्या तासात वाचतो.

क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर ती ॲसिडच्या वाफांनी शिसं आणि तांबं खाल्ल्याची खूण आहे. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, मात्र ते पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि जोडताना शेवटी लावायचं. उलट केलं तर पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चुकून पत्र्याला टेकला की लखलखाट होतो, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघत असल्याने तो लखलखाट महागात पडू शकतो. हातातली अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवावं. एक अपवाद हौशी लोकांनी लक्षात ठेवावा: १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडलेलं असे. अशा गाडीत आजचा टेप सरळ बसवला तर तो पहिल्याच क्षणी जळेल.

चार्जिंगकडे येऊ. जुन्या फियाटच्या काळात डायनॅमो होता. तो इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच देत नाही, आणि पूर्ण वेगातही त्याची ताकद वीस-बावीस अँपिअरच्या आसपास. रात्री दिवे, वायपर आणि टेप एकत्र चालले की तो आधीच कमी पडत असतो. अल्टरनेटर कमी वेगातही चांगला चार्ज करतो. इंजिन थोडं रेझ करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले की चार्जिंग व्यवस्थित. तेरापेक्षा कमी म्हणजे पट्टा सैल, कार्बन झिजलेले किंवा रेग्युलेटर गेलेला. पंधराच्या वर म्हणजे बॅटरीचं पाणी उकळून आटणार. स्पीडोमीटरजवळचा बॅटरीच्या चिन्हाचा छोटा लाल दिवाही इथे महत्त्वाचा आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो. किल्ली फिरवल्यावर तो दिवा पेटतच नसेल तर बल्ब उडाला असेल, आणि त्या एवढ्याशा बल्बपायी अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही.

एक सवय मात्र आता पूर्ण बंद व्हायला हवी. गाडी चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि इंजिन बंद पडलं नाही तर ‘चार्जिंग चांगलं आहे’ म्हणायचं, ही डायनॅमोच्या जमान्यातली तपासणी. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळून कितीतरी वर जातं. त्यात रेग्युलेटर, टेप आणि पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. मीटर शंभर-दोनशे रुपयांपासून मिळत असताना हा जुगार कशासाठी?

हेडलाइटबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या चालतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने झाकलेला. ती ट्रॉली शंभर फुटांवर दिसणं आणि तीनशे फुटांवर दिसणं यात मरण-जगण्याचा फरक आहे. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या बटणापर्यंत, तिथून डिपरच्या दांडीत आणि मग परत पुढे बल्बपर्यंत असा बारीक वायरीतून लांबचा फेरा मारून जातो. बॅटरीवर साडेतेरा आणि बल्बवर साडेअकरा, असं सर्रास सापडतं.

अशा वेळी लोक १००/९० वॅटचे बल्ब घालतात. तो उलटा उपाय आहे. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब डिपरवर साधारण नऊ अँपिअर खेचतात, तर शंभर वॅटचे दोन बल्ब अपरवर सोळाच्या पुढे. त्याच बारीक वायरीत तोटा आणखी वाढतो, बटण वितळतं, होल्डर काळा पडतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. अशा बल्बना कायद्याचीही परवानगी नाही. बरा उपाय म्हणजे रिले. रिले हे करंटने चालणारं बटण आहे. ८५ आणि ८६ या टोकांमध्ये एक छोटी कॉइल असते, तिला जेमतेम पाव अँपिअर पुरतो, आणि ती खेचली गेली की ३० आणि ८७ ही टोकं जोडली जातात. जुन्या वायरीने फक्त कॉइल चालवायची, आणि बॅटरीपासून बल्बपर्यंत नवी जाड वायर, फ्यूजसह, रिलेच्या ३० आणि ८७ मधून न्यायची. अपर आणि डिपरला एकेक रिले, आणि बल्बच्या अर्थलाही नवी वायर. साध्या ६०/५५ च्या बल्बमध्येही मग जो उजेड मिळतो तो पाहून गाडी नवी वाटते. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि सातारची एमएच ११ असो की सांगलीची एमएच १०, तपासणीत दिवे पाहिलेच जातात. १ एप्रिल २०२२ ला या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. तेवढे पैसे भरणाऱ्याने आधी दिवे नीट करून घेतलेले बरे.

फ्यूज वस्तू वाचवण्यासाठी नसतो. तो वायर जळू नये म्हणून असतो. म्हणून वायरीला झेपेल तेवढाच फ्यूज घालायचा: आजच्या पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. जुन्या गाड्यांत टोकदार चिनी मातीचे किंवा काचेचे फ्यूज असत. त्यांच्या बाबतीत फ्यूज शाबूत असूनही करंट न जाणं हाच मुख्य आजार, कारण ज्या पितळी पकडीत तो बसतो ती सैल आणि काळी पडते. फ्यूज जागेवर दोनदा फिरवला की दिवा लागतो, म्हणजे पकड घासून थोडी आवळायची वेळ झाली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातलेला फ्यूज दिसला तर त्याच क्षणी काढून टाकावा. त्या जागी पुढचा शॉर्ट झाला की डॅशबोर्डच्या मागची अख्खी वायरिंग पेटते.

कधी गाडी चार दिवस उभी राहिली की सुरू होत नाही. गाडी बंद असतानाही थोडा करंट घड्याळाला, टेपच्या मेमरीला लागतो. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्या गळतीने निम्मी उतरायला दोन आठवडे लागतात. तीच गळती अर्धा अँपिअर झाली तर दीड दिवसात तेवढी उतरते. निगेटिव्ह केबल काढून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावायचा, दारं बंद ठेवायची आणि एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्या वाटेवर आहे. डिकीचा न विझणारा दिवा, अल्टरनेटरचा खराब डायोड आणि चुकीचा जोडलेला टेप हे तीन नेहमीचे. (मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो.) शेतघराजवळ, धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधावी. बॉनेट उघडून बॅटरीच्या मागे आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारला की लेंड्या आणि टरफलं सगळं सांगतात.

एवढं झालं की मग टेप. हा क्रम मी मुद्दाम धरतो. जुन्या गाडीचं वायरिंग बिघडण्याचं एक मोठं कारण खुद्द टेपच असतो. कधी काळी कुणीतरी किल्लीच्या बटणामागची वायर सोलून, पीळ देऊन, काळी चिकटपट्टी गुंडाळून टेपसाठी करंट घेतलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत त्या पट्टीचा चिकटा वितळतो, पीळ उघडा पडतो. नवा स्टीरिओ बसवताना आधी हे सगळे जुने जोड काढून मूळ वायर दुरुस्त करावी. जोड द्यायचा तर योग्य मापाच्या लगने दाबून किंवा डाग देऊन, आणि वरून तापवून आवळणारी नळी चढवून.

गाडीत गाणं ऐकण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाने गाडीचा रेडिओ बाजारात आणला. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली, आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. औंध, विटा, तासगाव करत सांगलीकडे जाणाऱ्या गाडीत मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला काटा आणून ठेवायचा, ही कितीतरी घरांची सवय. त्या काट्यालाच इंजिनाचीही नाडी कळते. मीडियम वेव्हवर आवाजाची उंची-खोली लहरीच्या उंचीत साठवलेली असते, त्यामुळे प्रत्येक ठिणगी कर्रकर्र बनून त्यात मिसळते. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी खरखर म्हणजे प्लगच्या वायरी किंवा कॅप जुनी झालेली, किंवा बॉनेटचा बॉडीशी संपर्क तुटलेला. किल्ली फिरवून इंजिन बंद असतानाही खरखर येते, तर फोनचा स्वस्त चार्जर काढून पाहावा. एफएमवर यातलं फारसं ऐकू येत नाही, म्हणून दोष शोधताना मुद्दाम मीडियम वेव्ह लावावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या सेटवर सांगली नीट न लागण्याचं कारण वेगळंच असतं. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर आहेत, आणि १२५१ म्हणजे ९ गुणिले १३९. अमेरिकेत पायरी १० ची, त्यामुळे तिथला डिजिटल सेट १२५० वर थांबतो नाहीतर एकदम १२६० वर. बहुतेक सेटच्या मेन्यूत प्रदेश बदलण्याची सोय असते, ती शोधून भारत किंवा आशिया निवडायचा.

स्टीरिओचं नेहमीचं माप १८० बाय ५० मिलिमीटर, आणि पडद्याचे मोठे सेट १८० बाय १०० चे. जुन्या गाड्यांत दोन बटणांच्या दांड्या बाहेर येणारे रेडिओ असत, त्यांच्यासाठी डॅशबोर्डला दोन भोकं आणि मध्ये एक खिडकी. नवा सेट बसावा म्हणून तो पत्रा कापू नये. पद्मिनीचा न कापलेला डॅशबोर्ड आता सहज मिळत नाही. सेट खालच्या कप्प्यात किंवा सीटखाली ठेवता येतो, आणि ब्लूटूथमुळे त्याला हात लावायची वेळही क्वचित येते. जुना रेडिओ जागेवर दिमाखात राहू द्यावा.

वायरींचे रंग बहुतेक सेटना सारखेच असतात. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी. लाल किल्लीबरोबर चालू होणारी. काळी अर्थ. निळी ॲन्टेनाची, आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायर जागा करण्यासाठी. पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली त्या त्या स्पीकरची दुसरी बाजू. पिवळी आणि लाल उलट-सुलट लागली की दर वेळी घड्याळ आणि लावलेली स्टेशनं पुसली जातात. दोन्ही एकत्र बांधून कायम चालू लाइनला दिल्या की बॅटरी उतरते. मी पिवळी वायर थेट बॅटरीवरून घेण्याच्या मताचा आहे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालून. फ्यूज सेटजवळ ठेवला आणि मधल्या वायरीला बॉनेटच्या पत्र्याने कापलं, तर त्या तुकड्याला वाचवणारं काहीच उरत नाही. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बूच हवंच.

जुन्या गाडीत एक सापळा आहे. पूर्वीच्या रेडिओत स्पीकरचं एक टोक सरळ बॉडीला जोडत. आजच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरची दोन्ही टोकं सेटच्या आतूनच चालवली जातात, एक वर जातं तेव्हा दुसरं खाली. त्यातलं एकही पत्र्याला टेकलं की सेटचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. म्हणून जुन्या स्पीकरच्या वायरी वापरायच्या तर आधी मीटरने त्या बॉडीला लागलेल्या नाहीत ना, हे पाहावं. दोन नव्या वायरी ओढणं त्याहून बरं.

मग वॅटचा विषय. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं. १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर घेतला तर १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५२ वॅट. पण हे तेव्हाच, जेव्हा आवाज पूर्ण फाटून चौकोनी लाट झालेली असते. शुद्ध आवाजात त्याची निम्मी, म्हणजे २६ वॅट ही कमाल, आणि आतला तोटा धरून हाती वीसच्या आसपास येतात. याचा पुरावा सेटच्या मागेच आहे. तिथे दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो. पंधरा अँपिअरने आत जाणारी वीजच जेमतेम दोनशे वॅट, त्यातून दोनशे वॅट आवाज सतत निघणार कसा? म्हणून खोक्यावरच्या वॅटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. ९० डेसिबलऐवजी ९३ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. जुन्या गाडीत, जिथे डायनॅमो किंवा छोटा अल्टरनेटर आधीच दमलेला असतो, तिथे हीच खरी शहाणी खरेदी. मोठा ॲम्प्लिफायर आणि डिकीत बास घालणारे हौशी लोक पंचवीस-तीस अँपिअरची भर टाकतात, आणि मग बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकतात.

बास वॅटमुळे कमी, बसवण्यामुळे जास्त येतो. स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा खेचतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की खालचे सूर तिथेच एकमेकांना मारतात. दाराच्या पत्र्यातली मोठी भोकं झाकली, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी दिली, थरथरणाऱ्या पत्र्यावर आतून डॅम्पिंग शीट चिकटवली की तोच स्पीकर दुप्पट मोठा वाटतो. दाराच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रं मात्र बुजवू नयेत. नाहीतर दोन पावसाळ्यांत दार गंजून जाईल.

सगळं जोडून झाल्यावर गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. ही अल्टरनेटरची शिट्टी. लोक लगेच फिल्टर विकत आणतात. आधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर पाहावं. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला आहे, आणि तो बदलल्याशिवाय कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. डायोड चांगला असेल तर सेट आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत का, ते पाहावं. दोन जागांमध्ये पाव व्होल्टचा फरक असला तरी तो फरक गाण्याच्या वायरीतून वाहतो आणि शिट्टी बनतो. दोन्ही अर्थ एकाच घासलेल्या जागी आणले की बहुतेक वेळा ती थांबते. गाण्याची वायर आणि बॅटरीची वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी.

काम कुणीही करो, घरी किंवा गॅरेजमध्ये, शेवटी एका कागदावर साधं चित्र काढून घ्यावं: कोणता रिले कुठे बसवला, नव्या वायरीचा रंग कोणता, तिचा फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, कोणत्या नटावर कोणाचा अर्थ आहे. सोबत त्या दिवशीचे आकडेही लिहावेत: उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, चार्जिंगचे आणि अर्थपट्टीवरचा तोटा. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आरसी बुक आणि विम्याच्या कागदांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. दर वर्षी पावसाळा संपल्यावर तेच आकडे पुन्हा घेऊन त्यांच्या शेजारी तारखेसह लिहिले, की कोणता जोड हळूहळू बिघडतो आहे हे गाडी बंद पडण्याच्या बऱ्याच आधी दिसतं.